धाकट्याच्या हातावरची आई

“मी मेलेय का? आधी मला एवढं सांग, मी मेलेय का?”

आईच्या हातात डाव होता आणि समोर माझा धाकटा भाऊ. माझं सासर आईच्या घरापासून जरा लांबच, मधे केळीची दाट रांग, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला आणि मी गॅस बंद करून धावले. वसईतल्या आमच्या गावाचं नाव होळी. त्याचा आईच्या आवाजाशी संबंध नाही, पण आमच्या वाडीतल्या सगळ्या केळी घराच्या उलट्या बाजूला का झुकल्यात, याला दुसरं कारण कुणाला अजून सापडलेलं नाही. त्यातून घरच्या बोलीत हे वाक्य याच्या दुप्पट लागतं. इथे मी ते धुऊन-पुसून लिहिलंय.

धाकटा भिंतीला पाठ लावून उभा होता. उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पारदर्शक प्लॅस्टिक, बाजारात कापलेला फणस गुंडाळून ठेवतात तसं. मी जवळ जाऊन बघितलं, तर प्लॅस्टिकच्या आतून आई माझ्याकडे बघत होती. बाहेर एक आई, आत एक आई, आणि दोघींची नजर माझ्यावर. मी जन्मभर एकाच आईला घाबरत आले. दोन झेपेनात, म्हणून खाली बसले.

“टॅटू आहे,” धाकटा म्हणाला, जणू मला ती देवी वाटली असती.

हे कसं झालं ते समजायला धाकटा कसा आहे ते सांगायला हवं. कामणला एका गोदामात तो सुपरवायझर आहे, पस्तिशीला टेकलाय, आणि सांगितलेलं जसंच्या तसं करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. लहानपणी बाबांनी त्याला दम दिला होता की पाहुणे जाईपर्यंत खुर्चीवरून हलायचं नाही. पाहुणे मुक्कामाला राहिले. पुढचं सांगत नाही.

तर त्या उन्हाळ्यात त्याचं लग्न जमत आलं होतं. आधीची स्थळं या ना त्या कारणाने हुकली होती. एका मुलीने तर त्याचा फोटो बघून, यांचा पासपोर्ट आहे का, एवढंच विचारलं होतं. हे मात्र जमण्यासारखं होतं. मुलगी एव्हरशाईन सिटीतली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला. आई रोज सकाळी अंगणातल्या क्रुसापुढे उभी राहून देवाला जवळजवळ धमकी द्यायची की हे जमलंच पाहिजे. आणि ज्या दिवशी येत्या रविवारी मंडळी घर बघायला येणार असं ठरलं, त्याच दिवशी तिला आनंदाने रडू फुटलं आणि रडता रडता ती धाकट्याला म्हणाली, “लग्न झालं की एव्हरशाईनला फ्लॅट घेशील आणि माझं तोंड विसरशील.”

त्याने ते मनावर घेतलं. विसरायची सोयच राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तोंड हातावर काढून आला.

एवढंच असतं तर आई ओरडली असती, पण डाव घेतला नसता. खरी आग फोटोची होती. बाबा गेले तेव्हा चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेला वाटायच्या स्मरणकार्डावर छापायला घरात त्यांचा धड फोटो सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपफोटोतून त्यांना कापून काढलं, आणि कार्डावर बाबांच्या गालाला चिकटून दुसऱ्याच माणसाचा कान आला. तो कान कुणाचा यावर गावात अजून दोन मतं आहेत. तेव्हापासून आईने ठरवलं की आपल्या वेळी असली फजिती नको. ती वसईच्या स्टुडिओत गेली, स्वतःच्या कार्डासाठी फोटो काढून घेतला, आणि तो कपाटात, पुरताना नेसवायच्या साडीखाली ठेवून दिला. फोटोत ती हसत नाही, कारण मेलेल्या माणसाने हसायचं नसतं असं तिचं मत. कॅमेरावाल्याने हसवायचा प्रयत्न केला तर तिने त्याला विचारलं की तुमच्यात मयताला हसतात का.

धाकट्याने नेमका तोच फोटो नेला. घरातला सगळ्यात चांगला तोच होता, ही त्याची बाजू.

टॅटूवाला एव्हरशाईनमधला, मोमोच्या गाडीमागे पोटमाळ्यावर दुकान. अगदी कोवळा मुलगा, पण हात देखणा. त्याच्याकडे आईचा चेहरा काढून घ्यायला जे येतात त्यांची आई गेलेली असते. त्यात फोटो असा, की बघणाऱ्याचा हात क्रुसाची खूण करायला आपोआप कपाळाकडे जावा. त्याने बिचाऱ्याने काही विचारलं नाही. आणि धाकटा पहिली सुई लागल्यावर जो बेशुद्ध पडला तो शुद्धीवर आला तेव्हा आईला दोन पंख फुटले होते, डोक्यामागे तेजाचं वलय होतं आणि कानाजवळ एक कबूतर बसलं होतं. हे टॅटूवाल्याने आपणहून केलं. सहानुभूती म्हणून.

“खरवडून काढ,” आई म्हणाली. मी तिला समजावलं की ताज्या जखमेवर आणि येऊ घातलेल्या पाहुण्यांच्या तोंडावर ते शक्य नाही. तेव्हा तिने धाकट्याला पांढरा, लांब बाह्यांचा शर्ट आणायला लावला आणि जाहीर केलं की साखरपुडा होईस्तोवर मुलीकडच्यांपुढे ती बाही वर गेली तर हात कापून क्रुसापाशी पुरीन.

यामागे भीती होती, आणि ती खोटी नव्हती. मुलीचे वडील. सगळी वसई त्यांना सर म्हणते. शाळेत शिकवत असताना पेनने मनगटावर घड्याळ काढणाऱ्या पोराचा हात ते नळाखाली धरून नारळाच्या काथ्याने घासायचे. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेले लोक अजून वेळ विचारली तर हात मागे नेतात. निवृत्त झाल्यावर ते चर्चच्या पॅरिश कौन्सिलवर आले, आणि गायनवृंदातल्या एका मुलाच्या हातावर गिटार गोंदलेली दिसली म्हणून त्याला त्यांनी ऑर्गनच्या मागे उभं केलं. त्यांच्या आणि आईच्या पिढीचं एकच म्हणणं: हातावर चित्र असलेला माणूस एकतर बोटीवरून आलेला किंवा जेलमधून सुटलेला. आमचे एक मामा बोटीवर होते, दंडावर नांगर होता. ते सुट्टीवर आले की आजी त्यांना मे महिन्यात स्वेटर घालून मिस्सेला न्यायची. गाव म्हणायचं, बोटीवरच्या माणसाला थंडी फार वाजते.

पुढचे दिवस धाकट्याचे हाल झाले. आमच्याकडचे डास हुशार आहेत, त्यांना बातमी लगेच कळली. बाकीचं अंग सोडून ते त्या हातावर बसू लागले, कारण तिथे त्यांना कुणी मारणार नव्हतं. एकदा जेवताना एक डास बरोबर आईच्या गालावर बसला. धाकट्याने डावा पंजा उचलला आणि तो हवेतच थांबला.

“मार,” समोरून आई म्हणाली. “थांबलास का? आता आईला मारायचंच राहिलंय.”

डास पोटभर पिऊन, चालत चालत गेला.

मित्रांबरोबर बसला तर ग्लास उचलला की आईपण वर यायची आणि बरोबर डोळ्यांसमोर थांबायची. शेवटी तो बिअर टेबलावरच ठेवून स्ट्रॉने पिऊ लागला, आणि त्या टेबलावरचे दोघेजण घाबरून लिंबूपाण्यावर आले. गोदामात मात्र फायदा झाला. धाकटा टेबलावर हात ठेवून बसला की हमाल आत येताना चपला काढायचे. एकाने तर त्या हाताला ‘नमस्ते माताजी’ करून खोक्यांची थप्पी लावायला घेतली आणि संध्याकाळपर्यंत थांबलाच नाही. मालकाने धाकट्याला विचारलं म्हणे, दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला पण तुझ्या आईला काढता येईल का.

आई तक्रार घेऊन फादरांकडे गेली. तिला वाटलं फादर निदान प्रायश्चित्त देतील. फादर तरुण, नवे बदलून आलेले. त्यांनी चष्मा लावला, धाकट्याचा हात उजेडाकडे वळवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले की डोळे अगदी तुमचेच आलेत. आई घरी आली ती तडक माजघरात जाऊन बसली. चहा विचारला तर म्हणाली, फादरांनाच दे.

आता तुम्हाला जे सांगते ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. टॅटूवाल्याने धाकट्याच्या हाताचा फोटो इंटरनेटवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘आईच्या आठवणीत’, आणि दोन जोडलेले हात. तो फिरत फिरत एव्हरशाईनच्या एका प्रार्थना ग्रुपवर पोचला. तिथे मुलीच्या आईने बघितला. तिने आमच्या आईला एका लग्नात जवळून बघितलं होतं, ओळख पटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या कुणी फोन करून विचारलं असतं. पण आमच्याकडची रीत अशी की मयताच्या घरी फोन करायचा नसतो, जायचं असतं. आणि सर रीतीचे पक्के.

म्हणून ठरलेल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी ते आले.

त्या वेळी मी मागच्या पडवीत आईच्या केसांना कलप लावत होते. अर्धं डोकं झालं होतं, अर्धं राहिलं होतं. दार वाजलं. आई म्हणाली, दूधवाला असेल. मी तशीच काळ्या हातमोज्यांनी दार उघडलं. दारात सर, काळ्या पॅन्टमध्ये, हातात मेणबत्त्यांचं पाकीट. मागे त्यांची बायको, पांढऱ्या फुलांचं चक्र घेऊन. त्यांच्या मागे मुलगी, ओढणी डोक्यावरून घेतलेली. मी तोंड उघडायच्या आत सरांनी माझ्या काळ्या हातांकडे बघितलं, समजूतदारपणे मान हलवली, आत आले, गुडघे टेकले आणि प्रार्थना सुरू केली.

सरांचा आवाज म्हणजे, माईक बिघडला तरी चर्चच्या मागच्या झोपलेल्या बाकापर्यंत पोचणारा. आणि प्रार्थना सुरू झाल्यावर मधे कुणी बोलत नाही. हे आम्हाला दात यायच्या आधी शिकवतात. मीही गुडघे टेकले. लांब बाह्यांचा शर्ट घालून बघत असलेला धाकटा खोलीतून बाहेर आला, सगळ्यांना गुडघ्यावर बघून तोही टेकला. मृतांसाठीची प्रार्थना आहे एवढं कळत होतं. कोण गेलंय ते कळत नव्हतं. मी मनात सगळ्या म्हाताऱ्यांची उजळणी केली, नायगावच्या मावशीवर संशय आला आणि मला खरंच हुंदका आला. सरांच्या बायकोने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तेवढ्यात मागून आई आली. खांद्यावर जुना टॉवेल, अर्धे केस पांढरे, अर्ध्यांतून कलपाचा ओघळ कानापर्यंत. तिने बघितलं प्रार्थना चाललीय, ती मागच्या मागे गुडघ्यावर बसली आणि सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून तिने स्वतःच्याच आत्म्याला शांती मागितली. मनापासून मागितली. मी शेजारी होते, ऐकलं. माझ्या माहितीत स्वतःच्या मयताला जाऊन आलेली आणि तिथे प्रार्थनेतली उत्तरंही बरोबर दिलेली ती वसई-विरारमधली एकटीच बाई.

सरांनी शेवटी क्रुसाची खूण केली.

“कोण गेलं?” आईने मागून विचारलं.

सर वळले. मेणबत्त्यांचं पाकीट खाली पडलं. सरांच्या बायकोने फुलांचं चक्र छातीशी धरलं, जसं काही ते कुणी परत मागणार होतं. आणि त्या गोंधळात धाकट्याने, कपाळावरचा घाम पुसायला, सवयीने उजवी बाही वर केली.

पंखवाली आई सगळ्यांना दिसली. तिच्या मागे बिनपंखांची, कलप गळत असलेली.

सरांचा रंग बदलायला लागला. गालावरून कानाकडे असा लाल चढत गेला, आम्हा सगळ्यांना दिसत होता. जिवंत आईला पंख लावणारा हा कसला मुलगा, आणि मी अशा घरात माझी मुलगी द्यायची का, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही. तो चढवायची गरजच नव्हती. मी आईकडे बघितलं. मला वाटलं आता ती धाकट्याला क्रुसापाशी पुरायला नेणार. गेले काही दिवस ती खरवडून काढ म्हणत होती. आणि आता सरांच्या तोंडून तिचीच बाजू निघत होती. तिने नुसती मान हलवली असती तरी हातावरच्या आईचा निकाल लागला असता, आणि लग्नाचाही.

आई उठली. टॉवेल नीट केला.

“मीच सांगितलं काढायला,” ती म्हणाली.

धाकटा काही बोलणार होता. मी काळ्या हातमोज्याने त्याचं तोंड दाबलं.

“माझ्या नवऱ्याच्या कार्डावर दुसऱ्याचा कान आला, सर. त्याला दिसला नाही म्हणून बरं. माझ्या कार्डावर काय छापतील ते मला दिसणार आहे का? म्हणून म्हटलं, मी हिंडती-फिरती आहे तोवर काढून घे, चुकलं तर सांगता येईल. पंख तेवढे माझे नाहीत. ते त्या पोराने आपल्या मनाने घातले.”

एवढं बिनचूक खोटं मी आमच्या घरात त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि मी या घरात वाढलेली आहे. आधी सरांची बायको हसली. फुलांच्या चक्रात तोंड घालून हसली. सर हसले नाहीत. ते म्हणाले की तरीही, असले हात सभ्य घरात नसतात.

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. “पप्पा, लॅबमध्ये रोज येतात असे हात. पोलिसांचे येतात, बँकेतल्या बायकांचे येतात. परवा तुमच्या कौन्सिलवरचे एक अंकल आले होते, त्यांच्या दंडावर वाघ आहे.”

“कोण?” सर म्हणाले.

“पेशंटचं नाव सांगत नाही आम्ही.”

सर खुर्चीवर बसले. त्यांच्या बायकोने पाणी मागितलं, मी हातमोजे काढून दिलं. आणि मुलगी उठून सरळ धाकट्यासमोर गेली, म्हणाली, हात बघू. त्याने दिला. तिने कोपरापाशी अंगठा ठेवला, मूठ वळायला सांगितली, दोन बोटांनी टिचक्या मारल्या. आईच्या वलयाच्या जरा वर. मग हात परत दिला, उन्हात फिरू नका आणि खपली काढू नका असं सांगितलं, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. धाकट्याने ते ऐकलं ते असं, की पुढे कितीतरी दिवस तो वाडीतसुद्धा छत्री घेऊन जायचा.

जाताना सरांनी मेणबत्त्या आणि फुलं परत न्यायला घेतली. आई म्हणाली, आणलीच आहेत तर राहू द्या. ती सगळी अंगणातल्या क्रुसापुढे लावली. रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांनी थांबून, कुणाचं, म्हणून विचारलं, तेव्हा आई फाटकात उभी राहून सांगायची, माझं.

सर मात्र, विचार करून कळवतो, एवढंच म्हणून गेले होते. त्यानंतरच्या मिस्सेत ते पुढच्या बाकावर न बसता मागे बसले आणि कौन्सिलवरच्या एकेकाच्या दंडाकडे बघत राहिले. खजिनदार खोकला तरी त्यांचं लक्ष बाहीकडे. म्हणतात, तेव्हापासून आमच्या कौन्सिलवर अर्ध्या बाहीचा शर्ट घालून कुणी आलेलं नाही. मी सगळ्यांचं बघितलेलं नाही, पण ज्यांचं बघितलं ते घामाघूम होते. गिटारवाल्या मुलाला मात्र सरांनी ऑर्गनच्या मागून पुढे घेतलं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आई इकडे झोपेना. फोन वाजला की आधी तीच धावायची, आणि कुणी लोन हवंय का म्हणून विचारलं तर त्याला असं काही सुनवायची की त्याने नोकरी बदलली असेल. धाकट्याला काही बोलायची नाही. एकदा मात्र मी बघितलं, तो झोपला होता आणि ती त्याच्या हाताजवळ चष्मा लावून बसली होती. मला बघून म्हणाली, फादर म्हणतात ते बरोबर आहे, डोळे जमलेत.

मग एका दुपारी सरांचा फोन आला. आधी उकाड्यावर बोलले, मग आंब्यांवर, मग पाण्याच्या टँकरवर. आई टँकरवर इतकं गोड कधी बोलली नव्हती. शेवटी सर म्हणाले की मुलीची हरकत नाही. माझी आहे, पण ती माझ्याजवळ राहील. लग्नात मात्र कोट घालायचा.

लग्न झालं. कोट घातला. पार्टीत नाचताना उकडलं म्हणून काढला, आणि तिथल्या अर्ध्या म्हाताऱ्यांनी आईच्या मागे लागून त्या पोटमाळ्याचा पत्ता घेतला. आमच्या आत्याने तर विचारलं, पंख वेगळे घेतात का.

भावजय घरात रुळल्यावर एकदा आम्ही दोघी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. धाकटा समोर उघड्या बाह्यांनी केळीला पाणी घालत होता. माझ्या मनात केव्हापासून होतं ते मी विचारलं. म्हटलं, शिकलेली, कमावती मुलगी तू, आणि समोर असा माणूस, हातावर पंख लावलेली जिवंत सासू. त्या संध्याकाळी तू तो हात धरलास तेव्हा त्यात असं काय बघितलंस की हो म्हणालीस? मला वाटलं ती त्याच्या मातृभक्तीबद्दल काही सांगेल, किंवा आईच्या त्या बोलण्याबद्दल. मी शेंगा खाली ठेवल्या होत्या.

तिने शेंगेवरून नजर काढली नाही.

“शीर चांगली आहे,” ती म्हणाली.